संशोधक शंभुनाथ डे

पटकी हे नाव आजच्या मुलांच्या कानी क्वचितच पडते. परंतु शंभर वर्षांपूर्वी हे नाव नुसते उच्चारले, तरी धैर्यवान माणसाच्याही अंगावर काटा उभा राही. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी अंथरुणाला खिळे आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी त्याची प्राणज्योत मालवे. जुलाब आणि वांत्या यांनी शरीरातील पाणी भराभर बाहेर पडे. डोळे खोल जात, आवाज बसे, हातापायांत गोळे येत आणि नाडी हाताला लागेनाशी होई. पंढरीच्या वारीत पटकीची साथ शिरली, की कित्येक वारकरी घरी परत येत नसत. गावोगावचे भयभीत लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत. कारण याहून अधिक काय करावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

या रोगास इंग्रजीत कॉलरा म्हणतात. बंगालमधील गंगेच्या मुखाजवळचा सखल, पाणथळ प्रदेश हे त्याचे जुने माहेरघर. १८१७ साली जेसोर येथे पटकीची मोठी साथ उद्भवली आणि तेथून ती देशोदेशी पसरली. त्यानंतर या रोगाने जगाला पुनःपुन्हा वेढले. १८५४ साली लंडन शहरात जॉन स्नो या डॉक्टरने, हा रोग दूषित पाण्यावाटे पसरतो, हे दाखवून दिले. १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख हा विख्यात जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास आला. तेथे त्याने पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू शोधून काढले आणि तेच या रोगाचे कारण होत, असे प्रतिपादन केले.

शत्रू सापडला खरा. परंतु तो माणसाला मारतो कसा, हे मात्र कोणाला उमगले नाही. पटकीचे जंतू रक्तात शिरत नाहीत. ते आतड्यातच राहतात. मग तेथे राहून ते एवढा अनर्थ कसा घडवून आणतात? जंतू काही विष तयार करीत असावेत आणि ते विष आतड्यावर परिणाम करीत असावे, अशी अटकळ कॉखने बांधली होती. परंतु अटकळ म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. आणि ज्याने तो मिळविला, तो संशोधक त्याच कलकत्त्यात, साध्या प्रयोगशाळेत काम करणारा एक भारतीय अध्यापक होता. त्याचे नाव शंभुनाथ डे.

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरिबाटी या खेडेगावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दाशरथी. घरची स्थिती बेताची होती. वडील लहानसा व्यापार करीत. परंतु त्यात त्यांना म्हणावे तसे यश आले नाही. कुटुंबात शिक्षणाची परंपरा नव्हती. केवळ चुलते आशुतोष हे शिकलेले होते. या चुलत्यांनी मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला अभ्यासाची गोडी लावली. गरिबाटीच्या शाळेत शंभुनाथांनी मन लावून अभ्यास केला आणि शिष्यवृत्ती मिळवून ते हुगळीच्या मोहसीन महाविद्यालयात दाखल झाले. तेथील यशानंतर त्यांना कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. महानगरात राहण्याचा खर्च त्यांच्या वडिलांना झेपणारा नव्हता. परंतु एका उदार गृहस्थाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला आणि त्यांचे शिक्षण अखंड चालू राहिले. १९३९ साली शंभुनाथ डॉक्टर झाले आणि १९४२ साली त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांच्या अभ्यासाची पदविकाही मिळविली.

डॉक्टर झालेल्या तरुणाने दवाखाना थाटावा आणि पैसा मिळवावा, ही जगाची रीत. शंभुनाथांचे मन मात्र त्यात रमेना. रोग बरा करावा, याबरोबरच रोग होतो कसा, हेही जाणावे, अशी ओढ त्यांना लागली होती. म्हणून त्यांनी आपल्या महाविद्यालयातच रोगविज्ञान शिकविण्याचे काम पत्करले. तेथील प्राध्यापक मणींद्रनाथ डे यांना या शांत, कष्टाळू तरुणाबद्दल मोठा विश्वास वाटू लागला. पुढे त्यांनी आपली कन्या तरुबाला हिचा विवाह शंभुनाथांशी करून दिला. त्यांच्याच प्रयत्नांमुळे १९४७ साली शंभुनाथांना लंडनला जाऊन सर रॉय कॅमेरॉन या नामांकित रोगवैज्ञानिकाच्या हाताखाली संशोधन करण्याची संधी लाभली.

लंडनमध्ये शंभुनाथांनी दोन वर्षे काम केले. त्यांच्या अभ्यासाचा विषय पटकी हा नव्हता. मेंदूला इजा झाली असता फुप्फुसांत पाणी का साठते, याचा शोध ते प्राण्यांवर प्रयोग करून घेत होते. या कामाबद्दल १९४९ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट ही पदवी दिली. परंतु पदवीपेक्षाही मोलाची एक गोष्ट त्यांनी तेथून बरोबर आणली. शरीरातील पाणी आपली जागा सोडून भलत्या ठिकाणी का जाते, असा प्रश्न विचारण्याची त्यांच्या मनाला सवय लागली होती. रोगाचे कारण शोधावयाचे, तर असा प्रयोग रचावा, की निसर्गाला स्पष्ट उत्तर द्यावेच लागेल, ही शिस्तही ते शिकले होते.

शंभुनाथ स्वदेशी परतले, तेव्हा देशाची फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती. कलकत्त्यात निर्वासितांची दाटी होती. पिण्याच्या शुद्ध पाण्याचा तुटवडा होता. पटकीचे रोगी रुग्णालयात येतच होते. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना शंभुनाथ हे दृश्य रोज पाहत. रोग्याच्या पोटातून तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी सारखे वाहत असे. एका दिवसात कित्येक लिटर पाणी शरीराबाहेर जाई. ते पाहून लंडनमधील जुना प्रश्न त्यांच्या मनात नव्या रूपाने उभा राहिला. फुप्फुसात पाणी साठते, तसेच येथे आतड्यात पाणी उतरते. ते कोणाच्या प्रभावाने?

हा प्रश्न विचारणारे शंभुनाथ पहिलेच नव्हते. परंतु त्यांच्यापूर्वीचे बहुतेक संशोधक एका आडवाटेला लागले होते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले होते, की पटकीचे विष जंतूच्या शरीरातच कोंडलेले असते आणि जंतू मेल्यावर ते मोकळे होते. हे मत मोठ्या माणसाचे असल्यामुळे ते अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. संशोधक हे जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या शिरेत अथवा पोटाच्या पोकळीत टोचीत. प्राणी मरत, परंतु त्यांना पटकी होत नसे. त्यांच्या आतड्यात ते धुवणासारखे पाणी दिसत नसे. अशा प्रयोगांतून रोगाचे खरे स्वरूप कसे कळावे?

शंभुनाथांनी अगदी सरळ विचार केला. पटकीचा जंतू माणसाच्या आतड्यात राहतो. मग प्रयोगातही तो आतड्यातच ठेवला पाहिजे. परंतु प्राण्याच्या तोंडावाटे जंतू दिले, तर ते पुढे वाहून जातात आणि रोग होत नाही. ही अडचण त्यांनी साध्या दोऱ्याच्या साहाय्याने दूर केली. सशाला भूल देऊन त्यांनी त्याच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून बंद केला. त्या बंद भागात त्यांनी सुईने पटकीचे जंतू सोडले. शेजारचा दुसरा भाग तसाच बांधून त्यात जंतू न घातलेला द्रव सोडला. मग आतडे पूर्ववत आत ठेवून पोट शिवून टाकले.

दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय! जंतू सोडलेला आतड्याचा भाग पाण्याने टम्म फुगला होता आणि ते पाणी पटकीच्या रोग्याच्या जुलाबासारखेच होते. शेजारचा भाग मात्र रिकामाच राहिला होता. आतड्यात पाणी उतरविण्याचे काम जंतूंचेच होय, हे या प्रयोगाने डोळ्यांस दिसले. १९५३ साली शंभुनाथांनी आपले सहकारी चॅटर्जी यांच्यासह हा प्रयोग इंग्लंडमधील रोगविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. असाच एक प्रयत्न १९१५ साली दोन संशोधकांनी केला होता. परंतु त्याचा कोणी पाठपुरावा केला नाही आणि तो निबंध जुन्या अंकांत पडून राहिला. शंभुनाथांच्या हातून मात्र ही एक पक्की, कोणालाही करून पाहता येईल अशी पद्धत तयार झाली.

या पद्धतीने आणखी एक गोष्ट उघडकीस आली. माणसाच्या आतड्यात एका जातीचे जंतू नेहमीच वस्ती करून असतात आणि ते निरुपद्रवी समजले जात. परंतु त्या जातीतील काही वाणांचे जंतू सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले असता, तेथेही पाणी साठते, असे शंभुनाथांना १९५६ साली आढळून आले. लहान मुलांना होणाऱ्या जुलाबांचे एक मोठे कारण त्यामुळे पुढे उलगडले.

तरीही मूळ प्रश्न अर्धा शिल्लक होता. पाणी उतरविणारे काय? जिवंत जंतू, की त्यांनी बाहेर टाकलेले विष? १९५५ साली शंभुनाथ कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात रोगविज्ञान व जंतुशास्त्र या विभागाचे प्रमुख झाले. तेथे विद्यार्थ्यांना शिकविणे, रोगनिदानाची कामे पाहणे आणि विभागाचा कारभार सांभाळणे, हे सर्व करून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत. फार मोठी यंत्रे त्यांच्यापाशी नव्हती. ससे, दोरा, सुया, पोषक द्रवात वाढविलेले जंतू आणि जंतूंना अडविणारी बारीक गाळणी, एवढीच काय ती सामग्री.

त्यांनी पटकीचे जंतू पोषक द्रवात वाढविले. मग तो द्रव गाळणीतून गाळून घेतला. जंतू वर राहिले आणि खाली उतरलेल्या द्रवात एकही जंतू उरला नाही. हा निर्जंतुक द्रव त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला आणि ते वाट पाहू लागले. विष जर जंतूच्या शरीरातच कोंडलेले असेल, तर काहीही होऊ नये. परंतु तो भागही पाण्याने फुगला! जंतूचा लवलेश नसताना आतड्यात पाणी उतरले होते. याचा अर्थ उघड होता. पटकीचा जंतू जिवंतपणीच आपले विष बाहेर सोडतो, आणि ते विषच आतड्यातून पाणी ओढून काढते. कॉखची अटकळ खरी ठरली आणि फायफरचे मत मागे पडले.

या प्रयोगाचा वृत्तांत ३० मे १९५९ रोजी लंडनच्या नेचर या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आला. हा निबंध अतिशय लहान होता आणि त्यावर एकट्या शंभुनाथांचेच नाव होते. विशेष हे, की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. दत्त आणि त्यांचे सहकारी यांनीही सशाच्या लहान पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाचा पुरावा पुढे मांडला. एकाच देशाच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या मार्गांनी, एकच सत्य हाती येत होते.

एवढा मोठा शोध लागल्यावर त्याचा जगभर गाजावाजा झाला असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु तसे घडले नाही. निबंध छापून आला, तो ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसला, आणि काही वर्षे त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६१ साली शंभुनाथांनी पटकीवर एक ग्रंथ लिहून प्रसिद्ध केला. पटकीचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यासाठी लागणारी साधने त्यांच्या हाताशी नव्हती. हळूहळू पटकीचे संशोधन त्यांच्या हातून सुटले आणि साधनसंपन्न देशांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांकडे गेले.

शास्त्रज्ञाचे काम किती मोलाचे आहे, हे जगाला कसे कळते, ते येथे समजून घेतले पाहिजे. संशोधक आपले प्रयोग निबंधाच्या रूपाने नियतकालिकात छापतो. पुढे दुसरा संशोधक त्या कामाचा उपयोग करतो, तेव्हा आपण कोणाच्या कोणत्या निबंधाचा आधार घेतला, हे तो आपल्या निबंधाच्या शेवटी प्रामाणिकपणे नमूद करतो. हा उल्लेख म्हणजे एक प्रकारची ऋणाची कबुलीच होय. सावकाराच्या वहीत जशी देण्याघेण्याची नोंद असते, तशी विज्ञानात ज्ञानाच्या ऋणाची नोंद या उल्लेखांत असते. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुष्कळांनी पुष्कळ वर्षे केला, तर त्या निबंधाने अनेकांना वाट दाखविली, असे समजावे.

पूर्वी असे उल्लेख हजारो अंकांत विखुरलेले असत. ते एकत्र करून मोजण्याचे प्रचंड काम युजीन गारफील्ड या अमेरिकन विद्वानाने हाती घेतले. फिलाडेल्फिया येथील आपल्या संस्थेतर्फे त्याने १९६४ साली विज्ञानातील उल्लेखांची एक मोठी सूची प्रसिद्ध केली, आणि पुढे ती वर्षानुवर्षे चालू ठेवली. कोणाच्या निबंधाचा आधार कोणी, केव्हा आणि किती वेळा घेतला, हे या सूचीत पाहता येऊ लागले.

इकडे साठ ते सत्तर या दशकात परिस्थिती पालटत होती. पटकीची नवी साथ अनेक देशांत पसरल्यामुळे संशोधक या रोगाकडे पुन्हा वळले. पटकीत आतड्याचे आतील अस्तर गळून पडते, ही जुनी समजूत खोटी ठरली. अस्तर शाबूत राहते. विषाच्या प्रभावाने त्यातील पेशी मीठ आणि पाणी बाहेर टाकीत राहतात, इतकेच. १९६९ साली अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी पटकीचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे विष आहे की नाही, हे ओळखण्यासाठी अनेक प्रयोगशाळांतून सशाचे बांधलेले आतडे वापरले जाऊ लागले. ही पद्धत वापरणारा प्रत्येक संशोधक शोध घेत मागे जाई, तेव्हा त्याला कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचे ते लहानसे निबंध सापडत. जुन्या अंकांवरची धूळ झटकली गेली आणि त्यांच्या नावाचे उल्लेख वाढू लागले.

ज्ञान वाढले, तसे रोग्यांचे दैवही पालटले. आतडे नष्ट होत नसेल, तर गेलेले पाणी आणि मीठ भरून काढताच रोगी वाचला पाहिजे. मिठाबरोबर साखर दिली असता आतडे पाणी शोषून घेते, हेही निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पिण्यास देऊन शेकडो जीव वाचविले. शंभर रोग्यांपैकी जेथे तीसच्या आसपास दगावत, तेथे हे प्रमाण चारहूनही खाली आले. या विजयात अनेकांचा वाटा आहे. परंतु पटकी हा मूलतः आतड्यातील विषाचा रोग आहे, हे ज्ञान या इमारतीच्या पायातील एक भक्कम चिरा होय, आणि तो शंभुनाथांनी बसविलेला आहे.

१९७३ साली शंभुनाथ सेवानिवृत्त झाले. त्यांचे बोलणे मोजके होते आणि स्वतःचा डांगोरा पिटणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आपल्या देशातील कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्य करून घेतले नाही. कोणताही मोठा पुरस्कार त्यांना मिळाला नाही. त्यांच्याच शहरातील रस्त्यांवरून ते जात, तेव्हा जगातील एका भयंकर रोगाचे गूढ ज्याने उकलले तो हाच, हे बहुतेकांना ठाऊक नसे.

परंतु परदेशातील जाणकारांना त्यांची आठवण होती. १९७८ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे नोबेल प्रतिष्ठानच्या वतीने पटकी व तत्सम रोगांवर जगातील तज्ज्ञांची एक परिषद भरली. तिला शंभुनाथांना सन्मानपूर्वक बोलावण्यात आले. ज्यांचे नाव आपण निबंधांच्या तळाशी वाचीत आलो, ते गृहस्थ प्रत्यक्ष समोर उभे असलेले त्या तज्ज्ञांनी पाहिले. ज्या प्रयोगाकडे वीस वर्षांपूर्वी कोणी वळून पाहिले नव्हते, त्याची थोरवी त्या सभेत सर्वांनी जाणली. जोशुआ लेडरबर्ग या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तर, नोबेल पारितोषिकासाठी शंभुनाथांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले. ते पारितोषिक शंभुनाथांना लाभले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९८६ साली, युजीन गारफील्डने आपल्या सूचीच्या आधारे पटकीच्या संशोधनाचा एक नकाशाच काढला. कोणत्या निबंधातून कोणते संशोधन निघाले, कोणाचा धागा कोणापर्यंत पोहोचला, हे त्याने तपासले. असे धागे मागे मागे नेत गेल्यावर ते कलकत्त्याच्या त्या प्रयोगशाळेपाशी येऊन थांबले. शंभुनाथांनी फार निबंध लिहिले नव्हते. परंतु जे मोजके लिहिले, त्यांवर पटकीच्या आधुनिक ज्ञानाचा मोठा भाग उभा होता. गारफील्डने त्यांच्या कार्यावर लेख लिहून जगाचे लक्ष त्याकडे वेधले. १९९० साली बंगळूरच्या करंट सायन्स या नियतकालिकाने शंभुनाथांच्या स्मरणार्थ खास अंक काढला. स्वदेशाने त्यांचे ऋण उशिरा का होईना, मान्य केले.

शंभुनाथांच्या चरित्राचा विचार करताना मन काहीसे विषण्ण होते. हा गौरव त्यांना त्यांच्या भरउमेदीत मिळता, तर त्यांना साधने मिळाली असती, सहकारी मिळाले असते, आणि कदाचित पटकीचे विष शुद्ध करण्याचा मानही कलकत्त्यालाच लाभला असता. गुणी माणसाची पारख वेळीच न झाल्यास हानी केवळ त्या माणसाची होत नाही. ती साऱ्या समाजाची होते.

परंतु या चरित्राची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५९ साली त्या निबंधाचा उल्लेख कोणी केला नाही, तेव्हाही तो खराच होता. आणि पुढे शेकडो जणांनी केला, तेव्हाही त्यातील एक अक्षर बदललेले नव्हते. उल्लेखांच्या संख्येने सत्य मोठे होत नाही. त्या संख्येवरून, जगाला सत्याची ओळख केव्हा पटली, एवढेच कळते. शंभुनाथांनी लोक आपले नाव घेतील की नाही, याचा हिशेब मांडला नाही. त्यांनी प्रश्न नीट विचारला, प्रयोग चोख केला, उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि ते पुन्हा विद्यार्थ्यांना शिकविण्यास वर्गात गेले.

आज जुलाबाने कासावीस झालेल्या एखाद्या बाळाला त्याची आई मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजते आणि थोड्या वेळाने ते बाळ डोळे उघडून हसू लागते. त्या आईने शंभुनाथ डे हे नाव कधी ऐकलेलेही नसते. परंतु त्या हसण्यात गरिबाटीच्या त्या अबोल संशोधकाच्या कष्टांचाही अंश आहे. अशा माणसांचे स्मरण ठेवणे, हे आपले कर्तव्य होय.